धुतलेले रिकामे हात

शनिवारी दुपारी दोन वाजले की यासुएबाईंच्या दारात पोरांच्या बुटांचा खच पडायचा, आणि यासुएबाई उंबऱ्यावर हात तपासायला उभ्या राहायच्या. चोपन्न वर्षांच्या, ठेंगण्या, ताठ मानेच्या बाई. पूर्वी बालवाडीत शिकवायच्या, आणि नोकरी सोडल्यावरही अख्ख्या गावाला बालवाडीच समजायच्या.

"हात दाखव. पालथे. आता उताणे. सकाळी माकुल सोललंस ना?"

"मी नाही, आजीनं. मी नुसतं एक टोक धरलं होतं."

"टोक धरलं म्हणजे वास आलाच. जा, साबण लाव. नखांतसुद्धा."

पोर मोरीकडे पळायचं आणि ओल्या हातांनी परत यायचं. मग पंचा, मग पुन्हा तपासणी, आणि मगच आतल्या खोलीत प्रवेश. आमच्या नागुरा बंदरात माकुलाचा, त्या दहा पायांच्या बुळबुळीत समुद्री प्राण्याचा, वास न येणारी वस्तू शोधून सापडायची नाही. उशीला येतो, शाळेच्या दप्तराला येतो, नव्या नवरीच्या रेशमी किमोनोलासुद्धा चार दिवसांत यायला लागतो. यासुएबाईंच्या पुस्तकांना मात्र येत नव्हता. प्रत्येक पुस्तकाला मेणकागदाचं कव्हर, प्रत्येकाचे कोपरे शाबूत. बाईंचा नवरा तेइझो, फेरीबोटीच्या तिकीट खिडकीतून निवृत्त झालेला मिस्कील माणूस, म्हणायचा की आमच्या घरात मला सर्दी झाली तर चालते, पुस्तकाला होता कामा नये.

घरातल्या अशा वाचनालयाला आमच्याकडे बुन्को म्हणतात. यासुएबाईंनी ते सहा वर्षांपूर्वी सुरू केलं, मुलगा नोकरीसाठी ओसाकाला गेला तेव्हा. त्याची लहानपणची चाळीस चित्रपुस्तकं कपाटात पडून होती. गावात वाचनालय नाही, शहरातलं बसने दोन तासांवर, आणि मांडीवरच्या पोराला घेऊन दोन तास बसने कोण जाणार? "शाळेत अक्षरं शिकवतात हो," यासुएबाई सगळ्या आयांना सांगायच्या, "पण पुस्तकाचा लळा त्याच्या आधी लागायला हवा, मांडीवर. सहा वर्षांचं झाल्यावर पोराला पुस्तक दाखवायचं म्हणजे लग्नाच्या बोहल्यावरच नवरा पहिल्यांदा बघायचा."

"आमच्या वेळी तसंच होतं," तेइझो आतून म्हणायचा.

"म्हणूनच सांगतेय."

तर १९७७ सालच्या त्या शरद ऋतूत बुन्कोत साडेतीनशे पुस्तकं झाली होती आणि तीसेक मुलं. आठवड्याला दोन पुस्तकं घरी न्यायची, फुकट. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीमागे एक कार्ड. शाळेतली मुलं त्यावर नाव लिहीत, आणि ज्यांना लिहिता येत नसे ती आपापली खूण काढत. कुणाची छत्री, कुणाची बोट, कुणाचा नुसता एक जाड ठिपका. सानाएची खूण होती ऑक्टोपस. एक गोल आणि त्याला मोजून आठ पाय. एखादा पाय राहिला तर ती कार्ड परत मागायची.

सानाए साडेचार वर्षांची. तिचा बाप दोन हिवाळ्यांपूर्वी बोटीसकट गेला तो परत आला नाही. आई हात्सुमी बंदरावरच्या शेडमध्ये जाळी दुरुस्त करायची. अठ्ठावीस वर्षांची, अबोल बाई. तिच्या हातात मात्र जादू. खडकाला घासून फाटलेलं जाळं ती असं जोडायची की माशाला काय, जाळ्याच्या मालकालाही जोड सापडू नये.

यासुएबाईंचा सगळ्या मुलांवर सारखा जीव होता, असं त्या म्हणायच्या. खोटं होतं ते. सानाएवर जास्त होता. कारण ही एकच मुलगी हात न सांगता धुवायची, तेही दोनदा, आणि मग ओले हात छातीशी धरून उभी राहायची. पुस्तकाचं पान उलटताना वरच्या कोपऱ्यातून उलटायची. आणि दर शनिवारी, न चुकता, तेच पुस्तक मागायची.

"काकू, कासवाचं न्हाणीघर."

"अगं, मागच्या वेळी तेच नेलंस ना?"

"हो. म्हणून."

त्या पुस्तकात एका म्हाताऱ्या कासवाचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. बाहेर बर्फ पडतोय, एकेक प्राणी कुडकुडत दारात येतो, ससा, कोल्हा, शेवटी आपल्याला कुणी आत घेईल की नाही म्हणून घाबरलेलं साळिंदर. आणि कासव प्रत्येकाला तेच म्हणतं, "आत या, आत या, पाणी गरम आहे!" यासुएबाई हे वाक्य घोगऱ्या, सावकाश आवाजात म्हणायच्या आणि सानाए ओठ हलवत सोबत म्हणायची. बाईंना खात्री होती की ही पोरगी शाळेत जायच्या आत वाचायला लागणार. असल्या खात्रीने माणूस आंधळा होतो, ते पुढे कळेलच.

सुरुवात तोफूवाल्या इसोएबाईंनी केली, आणि चांगल्या मनाने केली. त्यांच्या नातवाने पुस्तकं परत आणली तेव्हा सोबत एका वाडग्यात तोफूच्या दोन वड्या पाठवल्या. "नेहमी फुकट नेतो, बरं दिसत नाही."

आता रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं, हे काय कुणी कुणाला शिकवायला हवं? यासुएबाईंनी वाडगा धुतला आणि त्यात आपली खारवलेली उमेची आंबट फळं भरून पाठवली. पुढच्या शनिवारी इसोएबाईंकडून तळलेले तोफू आले. ते बुटांच्या कपाटावर ठेवलेले होते, तिथे सगळ्या आयांनी पाहिले. त्याच्या पुढच्या शनिवारी कपाटावर तीन भांडी, त्याच्या पुढच्या शनिवारी सात. मुळे आले, पर्सिमन आले, कुणाच्या माहेरचा तांदूळ आला. कुणी तरी शहरातल्या दुकानाच्या कागदात बांधलेला नाशपातींचा खोका आणला, आणि त्या दिवसापासून मुळा आणणाऱ्या बायका मुळ्यालाही कागद गुंडाळायला लागल्या.

शुक्रवार रात्रीपर्यंत यासुएबाई परतीच्या भांड्यांच्याच तयारीत असायच्या. कुणाला लोणचं, कुणाला गोड भात, कुणाकडून जरा जास्त आलं तर कुणाला जरा जास्त.

"बुन्को आहे की किराणा?" तेइझो विचारायचा. "परवा फेरीवरचा गडी मला विचारत होता, तुमच्याकडे सोया सॉसही मिळतो का."

"तुम्हाला काय कळतंय? सहा वर्षं ह्याच बायका मला म्हणत होत्या, पोरांना पुस्तकं देऊन काय कोळ्यांचे प्रोफेसर करणार का. आता बघा."

सुखावल्या होत्या बाई, स्पष्टच सांगायचं तर. प्रत्येक भांडं म्हणजे बुन्कोला मिळालेली पावती वाटत होती त्यांना.

आणि मग शरदाच्या जत्रेच्या आठवड्यात हात्सुमीने सानाएबरोबर एक मुळा पाठवला. एकच. स्वच्छ धुतलेला, जुन्या पण इस्त्री केलेल्या रुमालात बांधलेला. यासुएबाईंचं काळीज हललं. शेडमधल्या एका खोलीत राहणारी ही बाई, तिने हा मुळा कुठून आणला असेल? त्यांनी त्याच रुमालात कास्तेरा केकचा आख्खा खोका बांधला आणि वर स्वतःच्या हातांनी विणलेला लाल स्वेटर ठेवला, सानाएच्या मापाचा. इसोएबाई दारातच होत्या. "किती करता हो!" म्हणाल्या. सानाए तो खोका दोन्ही हातांत धरून, पायाखाली न बघता, उतारावरून गेली.

त्यानंतर सानाए आली नाही.

पहिल्या शनिवारी यासुएबाई म्हणाल्या, सर्दी झाली असेल. दुसऱ्या शनिवारी पुस्तकं आली, पण मुलगी नाही. सकाळी दार उघडलं तर पायरीवर पुडकं. आत दोन्ही पुस्तकं, मेणकागदावर एक डाग नाही. सोबत सुकवलेली पाच माकुलं, निवडून घेतलेली, सगळी एका मापाची. आणि चिठ्ठी. "आजवर फार त्रास दिला. सानाए आता मोठी झाली, घरी हाताशी लागते. पुस्तकांसाठी येणं जमणार नाही. मनापासून आभार."

"मोठी झाली!" यासुएबाई भडकल्या. "साडेचार वर्षांची! काय हाताशी लागते, डोंबल? मी सांगते, आईलाच पुस्तकांची किंमत नाही. पोरगी वाचायच्या टोकाशी आली आणि ही तिला ओढून नेते."

तेइझोने माकुलं उलटीसुलटी करून पाहिली. "असली माकुलं बाजारात विकायला ठेवतात. घरी कुणी खात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी आपला तिकीटवाला माणूस."

तिसऱ्या शनिवारीही बुटांच्या ढिगात सानाएचे छोटे पिवळे गमबूट नव्हते. सोमवारी यासुएबाई तडक बंदरावर गेल्या. चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून गेल्या होत्या.

शेडच्या मागच्या बाजूला, जाळ्यांच्या ढिगाआड, सानाए बसलेली होती. समोर जाळ्याला बांधायच्या लाकडी फळकुट्या ओळीने मांडलेल्या, जशी बुन्कोत मुलं बसतात तशी. शेजारी पाण्याची बादली. तिने बादलीत हात धुतले, झटकले, पुन्हा धुतले. फ्रॉकला पुसले. मग एक रुंद फळकुटी मांडीवर घेतली, तिच्या वरच्या कोपऱ्याला दोन बोटं लावली, आणि जिथे पान नव्हतंच तिथे पान उलटलं.

"बाहेर बर्फ पडत होता," ती फळकुट्यांना सांगायला लागली. "कासवआजोबांनी चूल पेटवली." पान उलटलं. ससा आला. पान उलटलं. कोल्हा आला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. "आत या, आत या, पाणी गरम आहे!" हा आवाज तर यासुएबाईंचाच होता, घोगरा आणि सावकाश.

चार शब्द सुनवायचे यासुएबाई विसरूनच गेल्या. त्या ढिगाआडून न दिसता परतल्या आणि वाटेत तोफूच्या दुकानात जाऊन बसल्या.

इसोएबाईंनी गरम चहा पुढे ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही शिकलेल्या, यासुए-सान," त्या म्हणाल्या, "पण कधी कधी तुमचं डोकं माझ्या तोफूसारखं होतं. मऊ आणि चौकोनी."

"मी काय केलं?"

"मुळ्यावर केक आणि स्वेटर. सगळ्यांच्या देखत. आता त्या केक-स्वेटरवर हात्सुमीनं काय पाठवायचं? ती इथं आली होती विचारायला, बाकीच्या काय काय पाठवतात म्हणून. नाशपातीचा खोका ऐकला आणि गप्पच झाली. पाच माकुलं साठवायला तिला दोन आठवडे लागले. त्याच्यावर तुम्ही काय पाठवणार होतात? रेशमी किमोनो?"

यासुएबाईंना खरंच आठवलं, की माकुलांच्या बदल्यात त्यांनी सानाएसाठी बूट बघून ठेवले होते. लाल, लोकरीच्या अस्तराचे. त्या मान खाली घालून चहा पीत राहिल्या. सहा वर्षं पोरांच्या हातांवरचा माकुलाचा वास त्यांनी दारात अडवला होता, आणि ही देण्याघेण्याची चढाओढ मात्र त्यांनी स्वतःच आत आणून कपाटावर मांडली होती. लाज वाटली त्यांना, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

घरी येऊन त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: "कृपया बुन्कोत काहीही आणू नये." दारावर लावली. शनिवारी सगळ्या आयांनी ती वाचली, कौतुकाने माना डोलावल्या, "किती विनय हो!" म्हणाल्या, आणि एप्रनाआड, पिशवीत, पोरांच्या दप्तरात घालून आणलेलं कपाटावर ठेवलं. "हे काही आणलं म्हणायचं नाही, नुसतं घरचंच आहे." त्या शनिवारी अकरा भांडी झाली. जे आणू नका म्हणून सांगितलं जातं ते तर आणावंच लागतं, हे पाटी लिहिणाऱ्या बाईंना पण ठाऊक होतं. दुसऱ्याच्या दारावर ती पाटी असती तर त्यांनीही नेलं असतं.

"पाटीनं काही होणार नाही," तेइझो जेवताना म्हणाला. "तिकीट खिडकीत मी एक शिकलो. समोरच्याला सुटे पैसे नाहीत म्हणून लाजल्यासारखं झालं की आपणच म्हणायचं, 'माझ्याकडे सुटे नाहीत हो, जरा मदत करता का?' मग त्याची मान वर होते."

"मग? मी तिच्याकडे सुटे मागू?"

"तुझ्याकडे नसलेलं काहीतरी माग. तिच्याकडे असलेलं."

यासुएबाईंनी घास तोंडात तसाच ठेवला. त्यांच्या डोळ्यांपुढे हात्सुमीचे हात आले.

पण अडचण अशी, की दुरुस्तीला द्यायला फाटकं पुस्तकच नव्हतं. साडेतीनशे पुस्तकं त्यांनी एकेक करून खाली काढली. सहा वर्षं तीस-तीस पोरांनी हाताळलेली, आणि एकाचीही शिवण उसवलेली नाही. आपल्या शिस्तीचा इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

"एखादं फाड की," तेइझो म्हणाला.

"तोंडाला काही धरबंध आहे की नाही?"

"तोंड माझं. हात तुझे लागतील."

दुपारभर बाई चुळबुळत राहिल्या. आधी एक जुनं, कुणी फारसं न नेणारं पुस्तक घेतलं, आणि ठेवून दिलं. सानाएने न वाचलेलं पुस्तक फाटलं काय आणि राहिलं काय, त्याने हात्सुमीच्या दाराशी जायचं कारण होईना. शेवटी त्यांनी कासवाचं न्हाणीघर खाली घेतलं. मुलगा दोन वर्षांचा असताना आणलेलं. त्याला तापात हे वाचून दाखवलं होतं, तो बोटीने गेला त्या दिवशी त्यानेच कपाटात सरळ करून ठेवलं होतं. त्यांनी मोरीवर जाऊन हात धुतले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. परत येऊन पुस्तक मधोमध उघडलं, दोन्ही बाजू धरून ओढायला बघितलं, आणि हात पुढे जाईनात.

"बघू नका इकडे."

"नाही बघत," म्हणत तेइझो बघत राहिला.

शेवटी त्यांनी शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेतली. पुस्तकाच्या मधल्या घडीत पांढरा दोरा दिसत होता. तीन टाके. एक, दोन, तीन. मग कणा जरा वाकवला, आणि मधली पानं सशासकट, कोल्ह्यासकट हातात आली. यासुएबाई तिथेच चटईवर बसल्या आणि रडल्या. तेइझोने या वेळी एकही विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शेडवर गेल्या. हात्सुमी दोन्ही पाय पसरून, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून बसली होती. यासुएबाईंना बघताच ती घाईने उठली आणि वाकून नमस्कार करायला लागली, तो थांबेचना.

"एवढा सुंदर स्वेटर, आणि मी अजून..."

"हात्सुमी-सान, मी अडचणीत आहे," यासुएबाई मध्येच म्हणाल्या. इतक्या उद्धटपणे त्या कधी कुणाला तोडत नसत. "हे बघा काय झालं."

हात्सुमीने एप्रनला हात पुसले, तरी पुस्तक घेताना बिचकली. "माझ्या हातांना डांबराचा वास येतो."

"येऊ दे. डिंकानं हे टिकणार नाही, शिवायलाच हवं. मी शिवलं तर चार दिवसांत उसवेल. गावात दोरा जाणणारं माणूस तुमच्याशिवाय कोण आहे?"

हात्सुमी पुस्तक उजेडात घेऊन बघायला लागली. कण्यावरून अंगठा फिरवला, आणि तुटलेल्या दोऱ्याचं एक टोक चिमटीत धरलं. बराच वेळ धरून राहिली. तेव्हा कुठे यासुएबाईंच्या लक्षात आलं. ही बाई दिवसभर तुटलेले दोरेच बघते.

"हे पोरांनी ओढलेलं नाही," हात्सुमी हळूच म्हणाली. "ओढल्यावर दोरा पिंजारतो. हा सरळ तुटलाय. खडकाला लागलेलं जाळं वेगळं दिसतं आणि सुरीनं कापलेलं वेगळं."

"मग... कुणीतरी कात्री चालवली असेल."

"कुणीतरी," हात्सुमी म्हणाली.

ती मान वर न करता बोलली. यासुएबाई समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या, लाल झालेले कान वाऱ्यावर टाकून. तेवढ्यात जाळ्यांच्या ढिगाआडून सानाए आली आणि आईच्या हातातली सुटी पानं बघून जागीच थिजली.

"कासवआजोबांना लागलं?"

"लागलं," आई म्हणाली. "आपण बरं करू. शनिवारपर्यंत."

सानाए बादलीकडे गेली आणि हात धुवायला लागली.

यासुएबाई निघाल्या. एवढं मोठं काम सांगून रिकाम्या हातांनी यायचं आणि रिकाम्या हातांनी जायचं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा करायचं होतं, आणि फार अवघड गेलं ते. दोनदा परत फिरावं असं झालं. घरी आल्यावर तर हात शिवशिवायला लागले: निदान एक लोणच्याची बरणी, निदान थोडे चेस्टनट! तेइझोने फडताळाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"चार दिवस," तो म्हणाला. "चार दिवस ऋणात राहून बघ. मरत नाही माणूस."

शनिवार उजाडला. दोन वाजले, बुटांचा ढीग पडला, हातांची तपासणी झाली. कपाटावर भांडी मांडली गेली. सव्वादोन झाले. यासुएबाई गोष्ट वाचायला बसल्या, पण पानं दोन-दोन उलटू लागल्या, आणि एका चिमुरड्याने त्यांना ते सांगितलं. अडीच झाले. हात्सुमीला सगळं कळलंय म्हणून ती येणार नाही, त्यांच्या मनात आलं. खोट्या दयेचा हा दुसरा खोका झाला. असलं पुस्तक कापून दारात नेण्यापेक्षा सरळ पाय धरायला हवे होते.

दार सरकलं. पिवळे गमबूट आधी दिसले. सानाए लाल स्वेटर घालून आत आली, कुणाकडे न बघता थेट मोरीवर गेली, आणि पाण्याचा आवाज यायला लागला. मागे हात्सुमी दाराबाहेरच उभी. तिच्या एका हातात पुस्तक होतं. दुसरा रिकामा होता. कपाटावरच्या भांड्यांकडे तिची नजर गेली तशी ती अर्धं पाऊल मागे सरली. 

यासुएबाईंनी पुढे होऊन पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. उघडून बघितलं. मधल्या घडीत बारीक, मेण लावलेल्या दोऱ्याचे पाच टाके, प्रत्येकाची गाठ आतल्या बाजूला लपवलेली. कणा आधीपेक्षा मजबूत. आणि पुस्तकाला वास येत होता, डांबराचा, माकुलाचा, बंदराचा. बाईंनी ते नाकाशी नेलं आणि सगळ्यांच्या देखत तसंच धरून ठेवलं.

"इतकं चांगलं काम कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आणि माझ्याकडे परत द्यायला काहीच नाही. अगदी काही नाही, हात्सुमी-सान. मी तुमच्या उपकारात राहणार."

इसोएबाईंचा चहा घशात अडकला. यासुएबाईंच्या तोंडून असलं वाक्य? दारातल्या हात्सुमीची मान मात्र, त्या मुळ्यानंतर पहिल्यांदाच, सरळ झाली. ती जवळ आली आणि फक्त बाईंनाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"पुढच्या वेळी मला नुसती हाक मारा. त्या कासवाला कशाला शिक्षा?"

यासुएबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. "तुम्ही याल?"

"इथली अर्धी पुस्तकं कण्यात सैल झालीत. दारातून दिसतंय. शनिवारी दुपारी माझे हात मोकळे असतात." ती उंबऱ्यापाशी घुटमळली. तिच्या बुटांना चिखल होता, आत नवी चटई होती, आणि सगळ्या बायका बघत होत्या. "पण माझ्या हातांना..."

तेवढ्यात सानाए मोरीवरून आली. हात दोनदा धुतलेले, छातीशी धरलेले. तिने यासुएबाईंच्या हातातून पुस्तक घेतलं, खोलीच्या मधोमध बसली, आणि वरच्या कोपऱ्यातून पान उलटलं. या वेळी खरंच उलटलं. मग उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या आपल्या आईकडे बघून, घोगऱ्या, सावकाश आवाजात, सगळ्या बुन्कोला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आत या, आत या, पाणी गरम आहे!"

हात्सुमीने बूट काढले, फिरवून दाराकडे तोंड करून नीट ठेवले, आणि हात धुवायला मोरीकडे गेली.